घोड्याचं रक्त वाट पाहत नाही

यंत्र चांगलं निघालं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

यंत्र म्हणजे मुठीत मावेल एवढी करडी डबी. तिच्या तोंडात एक चपटी पट्टी सरकवायची, पट्टीवर रक्ताचा थेंब सोडायचा, की जरा वेळाने पडद्यावर आकडे उमटतात. लाल पेशी किती, साखर किती, आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की चढणारं लॅक्टेट किती. हे सगळं तबेल्यातच, घोड्याच्या शेजारी उभं राहून. प्रयोगशाळेत याच कामाला कपाटाएवढं यंत्र लागतं, आणि त्या कपाटापर्यंत रक्त पोचायला अर्धा दिवस जातो.

माझी सून एका तबेल्यात घोड्यांची डॉक्टर. मागच्या हंगामात तिची एक घोडी पोटशुळाने गेली. रक्ताचा निकाल हातात आला तेव्हा घोडीला पुरून लोक हातपाय धूत होते. "वरातीमागून घोडं ऐकलं होतं बाबा," ती घरी येऊन म्हणाली, "घोड्यामागून वरात आज पाहिली." आणि मग जेवलीच नाही.

तेव्हापासून ती या डबीसाठी तबेल्याच्या मालकीणबाईंच्या मागे लागली होती. मालकीणबाई व्यवहारी. विकणारा गोडच बोलणार, म्हणाल्या, आधी तिऱ्हाइताने तपासून द्यावं. सुनेने माझं नाव सुचवलं. मी निवृत्त माणूस, पण एके काळी जनावरांच्या रक्ताच्या प्रयोगशाळेत होतो.

"एकच आहे बाबा," ती म्हणाली. "यंत्र काकांच्या कंपनीचं आहे. तुम्हाला चालेल ना?"

काका म्हणजे माझा साडू. मी म्हणालो, चालेल. इतक्या चटकन मी आयुष्यात कशालाच होकार दिला नसेल.

मालकीणबाईंना शंका आली. "साडू-साडू म्हणजे आतून संगनमत तर नाही?"

"छे," सून म्हणाली. "दोघं लग्नकार्यातसुद्धा एका पंगतीला बसत नाहीत."

"मग उत्तम," मालकीणबाई म्हणाल्या.

एका पंगतीला का बसत नाही, हे सुनेला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. जिला माहीत होतं ती माझी बायको आता नाही.

साडू आणि मी एकाच प्रयोगशाळेत होतो. तो वरच्या खुर्चीवर, मी टेबलावर. एकदा एका घोडीचं रक्त आलं आणि त्याने हौसेने स्वतः तपासायला घेतलं, कारण तिचे मालक मोठे होते आणि समोर बसले होते. त्यांच्याशी गप्पा मारत त्याने नळीतून थेंब घेतला आणि सांगितलं, घोडीच्या अंगात रक्तच नाही. तिला दुसऱ्या घोड्याचं रक्त चढवलं. ते तिला सोसलं नाही. ती मेली.

खरं तर तिला काहीच झालं नव्हतं. माणसाचं रक्त नळीत तासभर तुमची वाट पाहतं. घोड्याचं पाहत नाही. बोलता बोलता त्यातल्या लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळं पाणी राहतं. म्हणून घोड्याची नळी थेंब घेण्याआधी दर वेळी हलवायची असते. हलवायची म्हणजे खुळखुळ्यासारखी वाजवायची नाही, सावकाश उलटी करायची, सुलटी करायची, पुन्हा उलटी. साडूने हलवली नव्हती. वरच्या पाण्यातला थेंब त्याने घेतला होता.

चौकशी बसली. साडू शांतपणे म्हणाला, "नळ्या हलवून ठेवणं आमच्या या माणसाचं काम. चांगला आहे हो, पण पुस्तकी. लक्ष नसतं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार माणसांनी एकदम पाहिलं की माझी जीभ टाळूला चिकटते, तेव्हाही चिकटली. घरी बायको रडली. म्हणाली, बोलू नका, माझ्या बहिणीचा संसार आहे. मी मूग गिळून बसलो. मला तिथून उचलून ग्रंथालयात टाकलं, आणि तिथेच मी म्हातारा झालो.

साडूला तेवढंही पुरलं नाही. त्याने माझं नाव 'वाळवी' ठेवलं. "काय वाळवी, हल्ली कुठलं कपाट खाताय?" असं तो भरल्या घरात विचारायचा आणि मुलं खिदळायची. माझा मुलगाही हसायचा. लहान होता, त्याला काय कळणार.

हे सगळं मी इतकी वर्षं मनात घोळवलं आहे की त्यातलं घडलेलं किती आणि घोळवलेलं किती, याचीही कधी कधी खात्री वाटत नाही. पण राग खरा होता. तो जेवायला माझ्यासोबत बसायचा आणि झोपायलाही.

असा राग घेऊन मी ते यंत्र तपासायला बसलो.

खोगिरांच्या खोलीत खिडकीशी एक टेबल रिकामं करून मिळालं. पद्धत साधी होती. एका घोड्याचं रक्त काढायचं आणि त्याचे दोन वाटे करायचे. एक वाटा सून यंत्राला लावणार, दुसरा प्रयोगशाळेत जाणार. नळ्यांवर फक्त खुणेचे आकडे. कोणती नळी कोणत्या घोड्याची हे सुनेला माहीत नाही, आणि तिचे निकाल मी प्रयोगशाळेचे निकाल येईपर्यंत पाहायचे नाहीत. यंत्राला मी स्वतः हातही लावत नव्हतो. मला माझ्या हाताची भीती वाटत होती. द्वेष बोटांत उतरतो की नाही, याबद्दल कुठल्याच पुस्तकात काही सापडलं नाही.

यंत्र खोटं निघावं म्हणून मी काय काय केलं! धावून आलेल्या घामेजल्या घोड्यांचं रक्त दिलं, गाभण घोड्यांचं दिलं, म्हाताऱ्या घोड्यांचं दिलं. यंत्र खोटं निघेना. लाल पेशी ते किंचित कमी दाखवायचं, पण दर वेळी तेवढ्याच कमी, म्हणजे उशिरा येणाऱ्या पण रोज ठरल्या वेळीच उशिरा येणाऱ्या माणसासारखं. हिशेबात धरलं की झालं. लॅक्टेट तर कपाटाएवढ्या यंत्राशी जुळत होतं.

आणि मी सांगत राहिलो, "अजून एकदा पाहू."

"बाबा, तुमचं 'अजून एकदा' संपणार कधी?" सून म्हणाली. "चांगलं आहे की वाईट आहे?"

"घाई बरी नाही."

तिला वाटलं माझा स्वभावच तसा. तो आहेच. माझ्या भित्रेपणाआड माझा सूड किती आरामात लपतो, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी मालकीणबाई कंटाळल्या. म्हणाल्या, "मला आकडे कळत नाहीत. कंपनीच्या साहेबांनाच बोलवा, माझ्यासमोर करून दाखवू देत. आजूबाजूच्या तबेलेवाल्यांनाही बोलावते, त्यांनाही घ्यायचं असेल."

साडू आला. केस काळे केलेले, बूट चकचकीत, तबेल्याच्या अंगणात पाऊल कुठे टाकू आणि कुठे नको असं झालेलं. खोलीत शिरताच त्याने मला पाहिलं आणि हात पसरले.

"अरे वा, वाळवी! लाकडी टेबल दिलंय तुला, जपून हो मालकीणबाई!"

तबेलेवाले हसले. मी खिडकीबाहेर पाहिलं.

सुनेने नुकतंच तांबड्या घोडीचं रक्त काढून जांभळ्या टोपणाच्या नळ्या लाकडी स्टँडमध्ये उभ्या ठेवल्या होत्या. ती थांबणारच होती, पण घोड्यांची निगा राखणारा एक मोतद्दार धावत आला. शेवटच्या खणातली भुरी घोडी चारा खाईना, सारखी कुशीकडे वळून पाहत होती. सून जाता जाता म्हणाली, "काका, तुम्ही सुरू करा, बाबा आहेतच."

मी होतोच. माझ्या वाट्याची नळी मी उलटीसुलटी केली, माझ्याजवळच्या, पेशी तळाशी बसवणाऱ्या छोट्या चरकात गरगर फिरवली आणि लाल पेशींचा आकडा सांगितला. शंभरात अडतीस. चांगल्या धडधाकट घोडीचा आकडा.

"आता हाच आकडा आमचं हे बाळ चुटकीसरशी सांगेल," साडू म्हणाला आणि बोलू लागला. बोलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. यंत्र कुठे बनतं, कोण कोण वापरतं, काळ कसा बदललाय. ऊन नळीवर पडलं होतं. नळीत वरून पिवळा पट्टा उतरू लागला होता. आधी नखाएवढा. मग बोटाच्या पेराएवढा. साडूने टोपण काढलं, बोलता बोलताच ड्रॉपर आत घातला, वरच्या वर.

मला दिसत होतं. "नळी हलव," एवढे दोनच शब्द होते. माझी जीभ टाळूला चिकटली नव्हती. तोंडात मोकळी होती, ओली होती. मी ती वापरली नाही.

पडद्यावर आकडा आला. अकरा.

"अकरा म्हणजे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे," दारात उभा तांबडीचा मोतद्दार म्हणाला, "घोडी मेलेली आहे."

"गप रे."

"नाही बाईसाहेब, हिच्यात एवढंच रक्त असेल तर काल मला लाथ कशाने मारली?"

खोली हसण्याने भरली. साडूच्या कपाळावर घाम आला. त्याने दुसरी पट्टी काढली आणि या वेळी ड्रॉपर पार तळाशी खुपसला. आकडा आला चौसष्ट.

"एका नळीत दोन घोड्या?" मालकीणबाई म्हणाल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. साडू यंत्राकडे पाहत होता, पट्टीच्या पाकिटावरची तारीख वाचत होता, सगळं करत होता, फक्त नळीकडे पाहत नव्हता. मग त्याने जुन्या सवयीने मान वळवली आणि माझ्याकडे बोट केलं. "या नळ्या याने..."

"नळ्या सुनेने ठेवल्या," मी म्हणालो. "तुझ्या हातातल्या नळीला मी शिवलोही नाही." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. किती स्वच्छ होता.

तबेलेवाले खुर्च्या सरकवून उठले. मालकीणबाई म्हणाल्या, "साहेब, राहू द्या. आमचं जुनं बरं आहे." साडूने डबी खोक्यात ठेवली, खोकं बॅगेत ठेवलं. बॅगेची चेन त्याला लागेना. मी खुर्चीत बसून ती चेन पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर इतकं सुख मला कुठल्याही पुस्तकाने दिलेलं नाही.

त्याची पाठ अंगणात दिसेनाशी झाली आणि सून धापा टाकत आली. कोपरापर्यंत बाह्या वर, हाताला शेण.

"बाबा, यंत्र द्या. भुरी लोळायला लागलीय. आतडं अडकलंय की नुसता वायू धरलाय कळत नाही. लॅक्टेट चढलेलं असेल तर आत्ताच्या आत्ता गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात न्यायला हवी. नसेल तर या अवस्थेत तो प्रवासच तिला मारेल. कुठंय यंत्र?"

"काका घेऊन गेले."

"का?"

"आकडे चुकले."

"असं कसं? तुमच्याकडचे निकाल काय म्हणतात? चांगलं आहे की नाही?"

मी तिच्याकडे पाहिलं. पुरलेल्या घोडीच्या रात्री ती जेवली नव्हती, ते तोंड होतं.

"चांगलं आहे," मी म्हणालो आणि धावलो.

धावलो म्हणजे माझ्या वयाचा माणूस धावतो तसा. अंगण, पाण्याची टाकी, गवताच्या गंजी. फाटकाशी नशिबाने फेरीहून परतणारे घोडे एकामागे एक रस्ता ओलांडत होते आणि साडूची गाडी त्यांच्यामागे अडकली होती. मी काचेवर थापा मारल्या. काच खाली आली.

"आता काय? मोडीत काढायला आलास?"

"यंत्र दे. घोडी लोळतेय."

"ते तर खोटं आहे ना?"

"खोटं नाही. तू नळी हलवली नाहीस."

हळूहळू त्याच्या ते लक्षात आलं. "आणि तुला दिसत होतं?"

"हो."

"आणि तू बसून राहिलास? चार लोकांत माझं नाक कापलं जात असताना?"

"हो."

"नालायक माणूस आहेस तू, वाळवी."

"असेन. यंत्र दे."

त्याने बॅगेवर हात ठेवला. पुढचा रस्ता मोकळा झाला होता, मागे कोणीतरी हॉर्न वाजवला. तो निघून गेला असता तर मला त्याला काही म्हणायचा हक्क नव्हता. "आत येऊन सांगशील?" तो म्हणाला. "मालकीणबाईंसमोर? तुझ्या तोंडाने?"

"सांगेन. पण पहिल्या घोडीपासून सांगेन."

"सांग काय सांगायचं ते," तो म्हणाला आणि बॅग माझ्या छातीवर आदळली.

भुरीच्या खणात लाकडाचा भुसा घामाने ओला झाला होता. दोन मोतद्दारांनी तिला उभी धरली होती. सुनेने मानेच्या शिरेतून रक्त काढलं, नळी उलटीसुलटी केली, आणि पट्टीवर थेंब सोडला. आम्ही सगळे त्या डबीच्या पडद्यावर वाकलो, साडूसुद्धा, चकचकीत बूट भुशात रुतवून.

लॅक्टेट जेमतेम चढलेलं होतं. सुनेने डोळे मिटून उघडले. "न्यायची नाही. औषध देते. तासाने पुन्हा पाहू. तेव्हा उतरलं पाहिजे."

तो तास आम्हाला घोडीभोवती उभं राहून काढायचा होता. सून नळीने तिच्या पोटात औषध सोडत होती. मालकीणबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. मी बोलायला सुरुवात केली. शब्द मागेपुढे झाले, पण सांगितलं. यंत्र चांगलं आहे. मघाशी नळी हलवली नव्हती. मला दिसत होतं, मी गप्प बसलो.

"अहो," मालकीणबाई मला म्हणाल्या, "माझ्या घोडीच्या जिवावर?"

"नाही हो. साडूच्या."

सुनेने मान वर केली नाही. तिचे हात फक्त एक क्षण थांबले आणि पुन्हा चालू लागले. ते मला फार लागलं. नंतर ती माझ्याशी काही दिवस कामापुरतंच बोलली, आणि ते योग्यच होतं.

मग मी पहिल्या घोडीचं सांगितलं. प्रयोगशाळा, चढवलेलं रक्त, चौकशी, ग्रंथालय. सांगताना मी साडूच्या तोंडाकडे पाहत होतो. हा क्षण मी किती वर्षं पाळला होता! तो लाल होईल, नाकारेल, खाली पाहील, हात जोडेल, यातल्या प्रत्येकासाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं.

साडूने कपाळाला आठ्या घातल्या. "कुठली घोडी?"

"जिला रक्त चढवलं ती."

"अरे, तिथं किती घोड्या आल्या-गेल्या," तो म्हणाला. "चौकशी आठवते बुवा. पण त्यात मी तुझं नाव घेतलं होतं? घेतलं असेल. तेव्हा कोणाचं तरी घ्यावं लागायचं." आणि अगदी आपुलकीने पुढे म्हणाला, "तू मला तेव्हाच विचारायचंस की, वाळवी. एवढं काय मनात धरून बसलास?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी ज्या आगीत उभा जळलो तिची काडी ओढून तो जेवायला गेला होता. मला ती डबी उचलून त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. पण ती सुनेला हवी होती.

तास झाला. भुरी एकदा लांब, ओलं फुरफुरली. सुनेने पुन्हा दोन नळ्या रक्त काढलं, एक यंत्रासाठी, एक प्रयोगशाळेत पडताळायला. यंत्राची तिने स्वतः हलवली. दुसरी माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिली. मी ती साडूपुढे धरली.

"हलव."

"मी?"

"आकडे खोटे ठरले तर तुझ्याच कंपनीची अब्रू जाईल."

त्याने मालकीणबाईंकडे पाहिलं. "हलवा साहेब," त्या म्हणाल्या, "शिकून घ्या."

त्याने नळी घेतली आणि खसाखसा हलवू लागला.

"सावकाश. पेशी फुटतील. उलटी कर. आता सुलटी. पुन्हा उलटी."

काळे केस, चकचकीत बूट, आणि दोन बोटांत धरलेली ती नळी तो उलटीसुलटी करत होता. मोतद्दार तोंडावर हात धरून पाहत होता. सुनेच्या पडद्यावर आकडा आला, आधीपेक्षा उतरलेला. ती कठड्याला टेकली आणि पहिल्यांदाच खाली भुशात बसली. भुरी चाऱ्याचा वास घेत होती.

"किती वेळ करायचं हे?" साडूने विचारलं.

"मी सांगेपर्यंत," मी म्हणालो.

तो हलवत राहिला. उलटी, सुलटी, उलटी. रक्त केव्हाच एकजीव झालं होतं.